गाडीवरचा छोटा अँटेना: पॉवर नेमकी जाते कुठे?

प्रश्न: हॅम रेडिओसाठी मागच्या बंपरवर ८ फुटी व्हिप (लवचिक दांडीचा अँटेना) लावलाय, बुडाशी कॉइल आहे. ४० मीटर बँडला (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात त्याचा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.१ येतो, रिग (रेडिओ सेट) १०० वॅटची, तरी कोणाला ऐकूच जात नाही.

उत्तर: अहो, तो १.१ बघूनच शंका येते. ७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी होते साडेदहा मीटर आणि तुमचा व्हिप २.४ मीटरचा, त्यामुळे रेडिएशन रेझिस्टन्स (रेझिस्टन्सचा जो भाग पॉवर खरोखर हवेत पाठवतो तो) जेमतेम सव्वा ओहम. बऱ्यापैकी कॉइलचा लॉस (पॉवर गरम करून वाया घालवणारा भाग) ४-५ ओहम, गाडी आणि जमिनीचा ८ धरा, म्हणजे झाले १४, आणि मॅचिंग (केबलच्या ५० ओहमला जुळवणं) नसेल तर एसडब्ल्यूआर साडेतीनच्या आसपास दिसायला हवा, १०० वॅटमधले ९ (१४ मधले सव्वा) हवेत जातात. तुम्हाला ५० ओहम दिसतायत म्हणजे वरचे ३६ पण लॉसच, आणि हवेत जातात फक्त अडीच वॅट! बहुतेक कॉइल बारीक तारेची आहे, नाहीतर माउंटचा बॉडीशी कॉन्टॅक्ट नीट नाही, तिथला पेंट खरवडून बघा. लॉस कमी झाला की एसडब्ल्यूआर वाढेल, वाढू दे, मग व्हिप किंचित आखूड करून बुडाशी ग्राउंडला छोटी शंट (समांतर जोडलेली) कॉइल टाका, म्हणजे मॅचिंग होईल.

प्रश्न: कॉइल बुडाशी, मध्ये की टोकाला?

उत्तर: मध्ये. कॉइलच्या खालच्या भागात करंट जवळपास सारखा राहतो आणि रेडिएशन मुख्यतः तिथूनच होतं, म्हणून मध्ये लावली की रेडिएशन रेझिस्टन्स साधारण दुप्पट होतो. इंडक्टन्सही दुप्पट लागतो हे खरं, पण अजून वर नेलीत तर कॉइल एवढी वाढते की झालेला फायदा तिचा लॉसच खाऊन टाकतो. माझं मत विचाराल तर जाड तार, एअर कोअर (आत पोकळ), वेढ्यांमध्ये मोकळी जागा, आणि व्हिपच्या शेंड्याला तारांची कपॅसिटी हॅट (आडव्या तारांची टोपी), तिच्यामुळे वेढेही कमी लागतात. फक्त हॅट कॉइलला चिकटवू नका, कॉइलचा क्यू (कमी क्यू म्हणजे जास्त लॉस) पडतो.

प्रश्न: मॅग्नेट माउंट चालेल?

उत्तर: व्हीएचएफला (३० ते ३०० मेगाहर्ट्झ, म्हणजे २ मीटर बँड वगैरे) आरामात. ४० मीटरला नको, पेंटमधून मिळणारं ग्राउंड तिथे फार कमी पडतं. बोल्ट मारा, आणि डिकी, बॉनेट, सायलेन्सर चपट्या तांब्याच्या पट्टीने बॉडीला जोडून घ्या.

प्रश्न: गाडीच्या छतावरचा शार्क फिन अँटेना एवढासा असून चालतो, मग आपला का नाही?

उत्तर: कारण गाडीतल्या एएम-एफएम रेडिओसाठी तो फक्त ऐकतो. सिग्नल कमी मिळाला तरी आतला अॅम्प्लिफायर तो वाढवतो, पण ट्रान्समिट करताना कॉइलमध्ये जी पॉवर गरम होऊन गेली ती गेलीच. २ मीटरला तर छोटं करायची गरजच नाही, पाव तरंगलांबीच ५० सेंटिमीटर आहे, अख्खा व्हिप छताच्या मधोमध लावा.