चहासारखं कूलंट आणि बोअरचं पाणी

प्रश्न : वडिलांची २००६ सालची मारुती ८०० माझ्याकडे आहे. फारशी फिरत नाही. परवा रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत चहासारखं पाणी! कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) शेवटचं कधी बदललं, घरात कुणालाच आठवत नाही. हे काम घरी जमेल का? कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातलं तर काय बिघडतं? आणि ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाका, गाडी कधी तापणार नाही. ते खरं का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : जमेल. पाना-पक्कडीपेक्षा सवड जास्त लागते. रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा काम काढा. बाजारातून फिरून आल्यावर नको. गरम रेडिएटरचं झाकण मी आयुष्यात एकदाच उघडलं, उमेदवारीच्या पहिल्या वर्षी. मनगटापासून कोपरापर्यंतचा डाग अजून आहे. झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सुटलं की सगळं एकदम उकळून अंगावर येतं.

चहाचा रंग म्हणजे गंज. तुमच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य धड, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे. कूलंटमधली गंज रोखणारी रसायनं काही वर्षांत संपतात. जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट तर दोन वर्षांतच बदलायचं असतं. बोअरच्या पाण्याचं उत्तर तुमच्या घरच्या बंबात किंवा गिझरच्या कॉइलवर बघा. तो पांढरा थर रेडिएटरच्या चपट्या, बारीक नळ्यांत धरला की मे महिन्यात गाडी घाटात तापणारच. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणा. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात.

आता काम. रेडिएटरखाली जुनं घमेलं ठेवा, खालचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) सोडा, मग झाकण काढा. कॉक प्लॅस्टिकचा असेल तर पक्कड लावू नका, तुटतो. हटला नाही तर खालच्या होज पाइपची (जाड रबरी नळीची) क्लिप सोडा. बाजूची कूलंटची जादा बाटलीही काढून धुवा, तिच्या तळाशी गाळ असतो.

निघालेलं पाणी ऑइलच्या रिकाम्या लिटरच्या बाटलीने मोजा. घरी काम करणारे नेमके इथेच चुकतात. समजा, गाडीच्या पुस्तिकेत चार लिटर लिहिलंय आणि घमेल्यात अडीचच आलं. मग दीड लिटर जुनं पाणी ब्लॉकमध्येच बसलंय. म्हणून कॉक बंद करून डिस्टिल्ड वॉटर भरा, झाकण लावा, वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा काढा. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच. सवड लागते म्हणालो ती यासाठी.

शेवटी ब्लॉकमध्ये साधं पाणी उरलेलंच असतं. त्यावर तयार मिसळलेलं कूलंट ओतलं तर ते पातळ होणार. म्हणून कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घ्या. चार लिटरची गाडी असेल तर आधी दोन लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, वर मावेल तेवढं डिस्टिल्ड वॉटर. आपोआप निम्मं-निम्मं होतं. कूलंट पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचंच घ्या. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने रंग घालते.

मग हवा काढायची. हीटर असेल तर त्याचा दांडा गरमकडे ठेवा. झाकण उघडंच ठेवून थंड इंजिन सुरू करा, वरचा होज हाताने दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. साधारण ८२ अंशांना थर्मोस्टॅट उघडतो आणि तो होज बोटाखाली एकदम गरम लागतो. पातळी स्थिर झाली की झाकण लावा, पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हा पंखा विजेचा आहे, हात आणि ओढणी लांब ठेवा.

थर्मोस्टॅट काढल्यावर तापमानाचा काटा खाली राहतो, हे खरं. पण इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. अडकला असेल तर नवा बसवा. माझ्याकडे थर्मोस्टॅट नसलेल्या गाड्या कितीतरी यायच्या; बहुतेकींत खरा आजार जाम झालेला रेडिएटर नाहीतर बंद पडलेला पंखा.

घमेलं मात्र लगेच झाका. कूलंट गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोड्याशानेही त्यांची मूत्रपिंडं जातात. लहान मुलांनाही तितकंच घातक. गटारात ओतू नका. कॅनमध्ये भरून, चिठ्ठी लावून, वापरलेलं कूलंट घेणाऱ्या सर्व्हिस स्टेशनला द्या.

दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना पातळी बघा. थोडी उतरली तर हवा निघाली, भरा. रोज उतरत असेल आणि खाली कुठे ओल नसेल, तर ऑइलचं झाकण उघडून आत बघा. दुधाळ, कॉफीच्या फेसासारखं ऑइल दिसलं तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलेलं असण्याची शक्यता आहे. मग गाडी सुरू करू नका, टो करूनच गॅरेजला न्या.