धुराचा अंतरपट

प्रश्न : आमच्या शेजारच्या ताई ख्रिस्ती आहेत. त्यांच्याकडचं बायबल मी दुपारी वाचायला आणते. त्यात एके ठिकाणी देव सांगतो, सकाळ-संध्याकाळ धूप जाळा, त्यासाठी सोन्यानं मढवलेली वेदी करा. पुढं यशया संदेष्ट्याच्या तोंडून तोच देव म्हणतो, तुमच्या धूपाचा मला वीट आलाय. ताईंच्या चर्चमध्ये तर साधी उदबत्तीही लावत नाहीत. मग त्या धूपाचा अर्थ काय होता? आपल्या धूप-आरतीसारखंच होतं का ते?
— एक वाचक भगिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मला आधी बाभूळ आठवली. मी जालन्याच्या ख्रिस्ती घरात वाढले. रोज दिवेलागणीला वडील बायबल वाचत. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या 30व्या अध्यायात धूपवेदीचं माप आलं, की ते थांबून आम्हाला हातानं दाखवत. एक हात लांब, एक हात रुंद, दोन हात उंच. लाकूड बाभळीचं, वर शुद्ध सोनं. बाभूळ म्हटल्यावर आम्हा पोरांच्या डोळ्यांसमोर बांधावरचं काटेरी झाड आणि सुताराकडची तिफण यायची. देवाच्या घरातली, म्हणजे रानातल्या त्या तंबूच्या देवळातली, सगळ्यात आतली वेदी याच लाकडाची, हे ऐकून मला फार बरं वाटायचं. सीनायच्या रानात मिळणारं टिकाऊ लाकूड तेच होतं, हे पुढं कळलं.

‘वेदी’ या शब्दामुळं मात्र आपली थोडी फसगत होते. आपल्याला होमकुंड आठवतं. हिब्रूतला शब्द आहे ‘मिझबेआह’. तो ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ बळी कापणं. अंगणातल्या मोठ्या वेदीवर रोज जनावरं अर्पण होत. तिच्यावर पितळ मढवलेलं. धूपाची छोटी सोनेरी वेदी आत, गाभाऱ्याच्या पडद्याच्या अगदी समोर. तिच्यावर बळी चढवायचा नाही, अन्न ठेवायचं नाही, द्राक्षारस ओतायचा नाही, अशी स्पष्ट आज्ञा आहे. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, तिच्या कोपऱ्यांवरच्या शिंगांना रक्त लागायचं. आपल्याकडं कंदुरीला गेलेल्या माणसाला ही मांडणी लगेच कळेल. बाहेर बोकड, चुली, माणसांची झुंबड. आत दर्ग्यात चादर आणि ऊद. तिथला विधी वेगळा, श्रद्धा वेगळी, पण रक्त बाहेर आणि सुवास आत, हे अंतर पायांना समजतं.

आता धूपाकडं येते. तो चार जिनसांचा, समभाग, मीठ घातलेला आणि बारीक कुटलेला. त्यातली तीन नावं, नाटाफ, शहेलेत आणि हेलबना, यांवर अभ्यासक अजून वाद घालतात. चौथं नाव लेवोना. ‘लावान’ म्हणजे पांढरा, त्यावरून ते आलं. अरबीत तेच ‘लुबान’ झालं आणि आपल्याकडं ‘लोबान’. गुरुवारी संध्याकाळी हातात धुपाटणं आणि मोरपिसांचा कुंचा घेऊन बाजारातल्या दुकानादुकानांत धूर देत जाणारे फकीरबाबा तुम्ही पाहिलेच असतील. त्यांच्या झोळीतल्या त्या खड्याच्या नावात हिब्रू धूपाचं नाव अजून ऐकू येतं. खडा मात्र बहुधा वेगळ्या झाडाचा असतो. खरी लेवोना दक्षिण अरबस्तानातून उंटांवर यायची. तिच्या झाडाचा सख्खा भाऊबंद आपल्या डोंगरांत आहे. तो म्हणजे सालई. सालईचा डिंक निखाऱ्यावर टाकून बघा, लिंबासारखा हलका वास आधी येईल. हा धूप घरी सुवासासाठी कुणी बनवला तर त्याला समाजातून काढून टाकावं, इतका कडक नियम होता.

एवढी कडक राखण कशासाठी? बाराव्या शतकातले मोठे ज्यू विद्वान मैमोनिडीस म्हणतात, रोज इतकी जनावरं कापली जायची, तिथला वास घालवायला धूप. मला हे अर्धंच पटतं. वास घालवायचा असता तर धूप अंगणात जाळला असता. प्रायश्चित्ताच्या दिवशीची रीत बघा. मुख्य याजक, म्हणजे मुख्य पुजारी, वेदीवरचे निखारे आणि दोन ओंजळी बारीक धूप घेऊन पडद्याच्या आत जायचा. वर्षातून त्या एकाच दिवशी. आत गेल्यावर धूप निखाऱ्यावर टाकायचा, म्हणजे धुराचा ढग दयासनाला, कराराच्या पेटीवरच्या सोन्याच्या झाकणाला, झाकील ‘आणि तो मरणार नाही’. पडदा ओलांडून आत आलेल्या माणसासमोर धुराचा दुसरा पडदा धरलेला असायचा. मराठी बायबलात त्या कापडी पडद्याला फार नेमका शब्द योजलाय, ‘अंतरपट’. लग्नात तो दोघांना भेटीसाठी जवळ आणून उभं करतो आणि मुहूर्तापर्यंत झाकूनही ठेवतो. धूपाचा अर्थ मला तिथं सापडतो.

लहानपणी शेजारच्या काकूंच्या देवघरात मी एकदा लोबानाच्या धुरात उभी राहिले होते. वीज गेलेली. समईची ज्योत धुरामागं गेली, तिचे काठ पुसले, आणि मघाशी डोळ्यांत खुपणारा उजेड एकदम बघण्याजोगा झाला. डोळे झोंबत होते, पण मी मिटले नाहीत. प्रायश्चित्ताच्या दिवसाची ती रीत सांगणारा लेवीयाचा 16वा अध्याय वाचताना मला अजून ती ज्योत दिसते.

गणनाच्या 16व्या अध्यायात हाच धूप भर वस्तीत येतो. कोरह आणि 250 जण, आम्हीही याजकांइतकेच पवित्र, म्हणत आपापली धूपपात्रं घेऊन आले आणि ते 250 जण आगीत जळून गेले. त्यांच्या पात्रांचे पत्रे ठोकून मोठ्या वेदीवर बसवले. दुसऱ्या दिवशी लोकांनी कुरकुर केली आणि मरी सुटली. तेव्हा मुख्य याजक म्हातारा अहरोन वेदीवरचे निखारे घेऊन धावत सुटला आणि मेलेल्यांच्या व जिवंत असलेल्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. मरी तिथं थांबली. या गोष्टीशी मी नेहमी थबकते. धूप तसाच, निखारेही तसेच. पण आदल्या दिवशीची माणसं मान मिळवायला आली होती आणि हा माणूस दुसऱ्यांसाठी धावला होता.

यशयाचा संताप यातूनच समजतो. त्याच पहिल्या अध्यायात तो कारण सांगतो. तुमचे हात रक्तानं भरलेत. आधी अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. अन्याय झाकायला धूप वापरला तर तो देवाला नकोसा होतो. यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून तर देव विचारतो, दक्षिण अरबस्तानातल्या शबाहून आलेला ऊद मला कशाला? दूरदेशाहून मागवलेल्या महागड्या मालावर केलेला हा नेम आहे.

धूप-आरतीशी साम्य आहे, फरकही मोठा. आपल्याकडं आरतीनंतर धूप सगळ्यांपुढं फिरतो, माणसं तो तोंडावर घेतात. तिथं याजक एकटा आत आणि लोक बाहेर प्रार्थना करत उभे. म्हणूनच स्तोत्रकर्ता म्हणतो की माझी प्रार्थनाच तुझ्यापुढं धूपासारखी होवो. इ. स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, तेव्हा धूपही थांबला आणि ज्यू लोकांकडं प्रार्थनेचेच शब्द उरले. तुमच्या शेजारच्या ताईंच्या चर्चमध्येही प्रार्थनेलाच धूप मानत असतील. रोमन कॅथलिक चर्चमध्ये मात्र आजही धूपदाणी झुलते, तेव्हा एका चर्चवरून सगळ्यांचं ठरवू नका.

एक गोष्ट सांगायची राहिली. इस्राएलमधल्या नेगेवच्या वाळवंटात अराद इथं यहूदाच्या राजांच्या काळातलं छोटं देऊळ उकरून निघालंय. गाभाऱ्याच्या दाराशी चुनखडीच्या दोन धूपवेद्या होत्या, मोठी जेमतेम अर्धा मीटर उंच, धाकटी त्याहून ठेंगणी. सोनं नाही, बाभूळ नाही. 2020 मध्ये त्यांच्यावरच्या काळ्या थराची तपासणी जाहीर झाली. मोठीवर लेवोना आणि चरबी निघाली, धाकटीवर भांग आणि शेण. ग्रंथात एक सांगितलं होतं आणि सरहद्दीवरच्या देवळात आणखी काही जळत होतं.

प्रश्न : वेदीला शिंगं कशाला?
— एक विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : चारी कोपऱ्यांना वर निघालेले ते टोकदार उंचवटे असतात. प्रायश्चित्ताचं रक्त त्यांना लावायचं, म्हणून वेदीचा सगळ्यात पवित्र भाग तोच. जिवाच्या भीतीनं माणसं ती शिंगं धरत. शलमोन राजाचा भाऊ अदोनिया यानं धरली, तेव्हा शलमोनानं त्याला त्या वेळी सोडलं. सेनापती यवाबानंही धरली, पण त्याच्या माथी खून होते; त्याला तिथंच मारलं. अशी शिंगांची दगडी वेदी 1973 मध्ये इस्राएलमधल्या बेर-शेबा इथं सापडली, पण सुटी सुटी. तिचे घडीव दगड एका कोठाराच्या भिंतीत बसवलेले होते आणि एकावर साप कोरलेला होता. आपल्याकडं एखाद्या गढीच्या भिंतीत हेमाडपंती देवळाचा नक्षीदार दगड दिसतो ना, अगदी तसे.