वाचक विचारतात: नकाशावरून गेलेला मोन्शाउ जिल्हा

प्रश्न: जुन्या जर्मन दाखल्यावर 'क्राइस मोंज्वा' असं लिहिलंय. हा जिल्हा आजच्या नकाशात सापडत नाही. पुढचा शोध कसा घ्यावा? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर: मोंज्वा म्हणजेच मोन्शाउ. हे फ्रेंच वळणाचं नाव 1918 मध्ये बदललं. हा ग्रामीण जिल्हा प्रशियाने 1816 मध्ये आखला. 1 जानेवारी 1972 रोजी तो मोडला आणि त्याचा मोठा भाग आखन जिल्ह्यात गेला. पहिल्या महायुद्धानंतर इथली फेनबान रेल्वे बेल्जियमला मिळाली, रुळांखालच्या जमिनीसकट! त्या चिंचोळ्या पट्ट्यापलीकडची म्युत्सेनिखसारखी गावं जर्मनीतच राहिली, पण चहूबाजूंनी बेल्जियम. रूळ गेले, सायकलमार्ग आला, सीमा मात्र तीच आहे.

आता दाखल्याकडे वळू. जन्म-मृत्यूच्या नोंदी जिल्हा ठेवत नाही, गावाचं नोंदणी कार्यालय ठेवतं. म्हणून आधी गावाचं नाव नक्की करा. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत 'e' हे अक्षर हुबेहूब 'n'सारखं दिसतं. बहुतेक चुका तिथेच होतात. जन्माची नोंद 110, विवाहाची 80 आणि मृत्यूची 30 वर्षांनी अभिलेखागारात खुली होते. त्याआधी नातं सिद्ध करावं लागतं. या भागात 1798 पासून फ्रेंच पद्धतीची नोंदणी होती. त्यामुळे 'वर्ष 9' दिसलं तर 1809 समजू नका. ते फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगातलं, सप्टेंबर 1800 ते सप्टेंबर 1801 चं वर्ष.