किडनीच्या आजाराला "सेवेशी संबंध नाही" म्हणून डिसेबिलिटी पेन्शन नाकारली, आता काय करायचं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात असं की मिस्टर 1997 ला फौजेत भरती झाले, तेव्हा पूर्ण फिट होते, 22 वर्षं नोकरी करून 2019 ला हवालदार म्हणून घरी आले. 2012 ला बीपी निघालं, 2015 ला लघवीत प्रोटीन आणि क्रिएटिनिन वाढलेलं, लो मेडिकल कॅटेगरी (पूर्ण फिटपेक्षा खालची श्रेणी) झाली, आणि रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे नोकरी सोडताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, किडनीचा आजार 40 टक्के, आयुष्यभरासाठी, असं लिहिलं पण पुढे "एनएएनए" म्हणजे सेवेमुळे झाला नाही आणि सेवेमुळे वाढलाही नाही असा शिक्का मारला. क्लेम फेटाळला, पहिलं अपील 2022 ला फेटाळलं, मग तुम्ही डायलिसिसच्या धावपळीत कागद बाजूला ठेवले. आता विचारताय की उशीर झाला का, आणि किडनीसाठी कुणी देतं का.

देतात. पण सगळं त्या बोर्डाच्या कागदावर आहे, म्हणून आधी ते एएफएमएसएफ-16, म्हणजे बोर्डाने भरलेला तपासणीचा फॉर्म, काढा आणि बघा की "सेवेशी संबंध नाही" याच्यापुढे कारण काय लिहिलंय. बहुतेक वेळा एकच ओळ असते, "आजार पीस स्टेशनला (शांत भागातल्या पोस्टिंगला) सुरू झाला". हे कारण कोर्टात टिकवणं सरकारला जड जातं. सुप्रीम कोर्टाने 2013 साली धर्मवीर सिंग केसमध्ये सांगितलंय की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असंच धरायचं, आणि उलटं म्हणायचं असेल तर बोर्डाने कारण द्यायचं. त्याच निकालात मेडिकल सर्व्हिसेसचा 423 नंबरचा नियम उतरवलाय, त्यात स्पष्ट आहे की आजाराचं कारण फील्डमध्ये (प्रत्यक्ष मोहिमेच्या भागात) घडलं की पीसमध्ये याला महत्त्व नाही.

आता एक गोष्ट खरी सांगते, कारण समोरचा, सरकारचा वकील हीच काढणार. धर्मवीर सिंग निकाल डिसेबिलिटी पेन्शनच्या हक्काच्या 1982 च्या नियमांवर आहे, आणि तुमचे मिस्टर 2019 ला रिटायर झाले, त्यांना 2008 चे नियम लागतात, ज्यात ते जुनं गृहीतक त्याच शब्दांत नाहीये. सरकार म्हणेल की मग पुरावा तुम्ही द्या. पण 2008 च्या नियमांतही लिहिलंय की साधारणपणे क्लेम करणाऱ्याला हक्क सिद्ध करायला सांगायचं नाही, रिटायरमेंटनंतर 15 वर्षांनी क्लेम केला तर मात्र ओझं त्याच्यावर येतं. तुम्ही तर लगेच केला होता. आणि 2025 साली दिल्ली हायकोर्टाने 2008 च्या नियमांवरच सांगितलंय की कारण न देता नुसतं एनएएनए लिहून भागणार नाही. 2023 चे नवे नियम 21 सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडलेल्यांना आहेत, तुम्हाला त्यांची भीती नको.

किडनीत मात्र एक अडचण आहे जी पाठदुखी किंवा बहिरेपणाच्या केसमध्ये नसते. ही किडनी कशाने खराब झाली हे कागदावर यायला हवं. बीपीने झाली, आयजीए नेफ्रोपथी (किडनीच्या गाळण्यांचा एक आजार) होती, शुगरमुळे झाली, की जन्मजात पॉलिसिस्टिक किडनी आहे? शेवटचं असेल तर सोनोग्राफीत दिसतं आणि ते आनुवंशिक आहे, मग "सेवेमुळे झाला" म्हणणं कठीण, "सेवेमुळे वाढला" एवढ्यावरच लढावं लागेल. तुमच्या पत्रात बीपी आधी आणि किडनी नंतर असा क्रम आहे, हा क्रम तुमच्या बाजूचा आहे. मेडिकल अधिकाऱ्यांच्या गाईडमध्ये बीपीसाठी फील्ड, हाय अल्टिट्यूड आणि सीआय (बंडखोरीविरोधी कारवाईच्या) एरियातल्या पोस्टिंगचा विचार केलाय. म्हणून पोस्टिंगची तारीखवार यादी हवी, कुठे किती महिने, आणि तिच्यासमोर त्या त्या वर्षाचे रिपोर्ट. गुडघेदुखीसाठी एमआय रूममधून (युनिटच्या दवाखान्यातून) वर्षानुवर्षं पेनकिलर घेतल्याचं तुम्ही लिहिलंय, त्या गोळ्या किडनीला त्रास देऊ शकतात हे डॉक्टरांना माहीत असतं, पण आपल्या तोंडाने नाही, आत्ताच्या नेफ्रॉलॉजिस्टच्या सहीने यायला हवं. त्यांना एक पानाचं सविस्तर मत मागा, "कॅन बी रिलेटेड" असलं गुळमुळीत नको, क्रम आणि कारण लिहून.

बोर्डाचे कागद, भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म, हॉस्पिटलची केस शीट, सर्व्हिस रेकॉर्ड हे मिस्टरांच्या नावाने आरटीआय टाकून रेकॉर्ड ऑफिसकडून आणि हॉस्पिटलकडून मागा, फी 10 रुपये, 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे. मिस्टरांची सही आत्ताच दोन-चार अर्जांवर घेऊन ठेवा.

उशिराचं म्हणाल तर नियमाने सहा महिन्यांत आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलला, म्हणजे सैनिकांच्या केसेस ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जायचं असतं. तरी दार बंद नाही. पेन्शन दर महिन्याला न मिळणं हा चालू राहणारा अन्याय आहे असं सुप्रीम कोर्टाने 2008 साली तरसेम सिंग केसमध्ये धरलं, उशीर माफीचा अर्ज जोडावा लागतो, आणि डायलिसिसचे कागद हे उशिराचं खरं कारण आहे. पण थकबाकी बहुधा अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणजे आजपासून तुम्ही जितके महिने थांबाल तितके मागचे महिने गळतील. महाराष्ट्रासाठी ट्रिब्युनलचं मुंबईचं खंडपीठ आहे. दुसरं अपील केलेलं नाही, तेवढ्यावरून ट्रिब्युनल अर्ज अडवू शकतं, म्हणून दुसरं अपीलही टाका आणि वकिलाला विचारून अर्जाची तयारी सोबतच सुरू करा.

पैशांचा हिशेब: 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के इतका डिसेबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) असतो. 40 टक्क्यांना 12 टक्के येतील, पण सुप्रीम कोर्टाच्या राम अवतार निकालानंतर (2014) 40 चे 50 धरले जातात, म्हणजे 15 टक्के. 50 हजार शेवटचा पगार असेल तर महिना साडेसात हजार, वर महागाई रिलीफ. अर्जात हे राउंडिंग ऑफ, म्हणजे 40 चे 50 धरणं, वेगळं मागा, न मागितल्यामुळे राहून गेलेल्या केसेस मी पाहिल्यात.

ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड चालू आहे ना बघा, डायलिसिस त्यावर होतं. आणि ते एएफएमएसएफ-16 चं मत लिहिलेलं पान सापडलं की त्याचा फोटो पाठवा, नाव झाकून पाठवलं तरी चालेल, त्या एका पानावर मला पुढचं बरंच सांगता येईल.