बॅडमिंटन सोडून पॅडल सुरू केलंय, पहिली रॅकेट कोणती घेऊ?

भाऊ, तुम्ही म्हणता बजेट दहा हजारांच्या आत आहे, बॅडमिंटनचा हात चांगला आहे, आणि दुकानदार ‘स्मॅश जबरदस्त बसतो’ म्हणून डायमंड आकाराची कार्बनची रॅकेट गळ्यात मारून राहिला आहे. ती घेऊ नका. पॅडलच्या रॅकेटला तारा नसतात, आत फोम असलेली भोकांची फळीच असते. गोल आकाराची, फायबरग्लासची, आतला फोम मऊ असलेली, 350 ते 365 ग्रॅमची रॅकेट पाहा. यात बसणारी कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची चालेल.

बॅडमिंटनवाल्यांना हा सल्ला हमखास पटत नाही, म्हणून कारण सांगतो. पॅडल हा टेनिससारखाच, पण काचेच्या भिंतींच्या आत खेळायचा खेळ; कोर्ट 20 बाय 10 मीटरचं आणि मागे काच. तुमचा बॉल पलीकडे एक टप्पा पडून काचेवर आदळला तरी पॉइंट संपत नाही. उलट जितका जोर लावाल तितका तो काचेवरून उसळून नेटकडे येतो, आणि समोरच्याला आरामात मारायला मिळतो. पलीकडे एक टप्पा पाडून बॉल कोर्टाबाहेर घालवणारा स्मॅश जमायला बराच वेळ लागतो. तोपर्यंत पॉइंट मिळतात ते कोपऱ्यात हळू टाकलेल्या बॉलवर, उंच लॉबवर आणि नेटजवळच्या छोट्या व्हॉलीवर, म्हणजे टप्पा पडायच्या आत मारलेल्या फटक्यावर. या सगळ्याला ताकद नको, ताबा हवा.

गोल रॅकेटचा स्वीट स्पॉट, म्हणजे बॉल सगळ्यात नीट बसतो तो भाग, मोठा आणि बरोबर मधोमध असतो. डायमंडचा लहान, वर टोकाकडे. वजनही तिकडेच झुकलेलं. सुरुवातीला बॉल कुठेही लागतो, आणि मध्याबाहेर लागला की त्याचा झटका थेट कोपरात जातो. तुमच्या बाबतीत तर जास्तच, कारण तुम्हाला मनगटाने फटका मारायची सवय. बॅडमिंटनची रॅकेट 80-90 ग्रॅमची, ही तिच्या चौपट. एवढं वजन मनगटाच्या झटक्याने फिरवत राहिलात तर टेनिस एल्बो, म्हणजे कोपराचं दुखणं, ठरलेला. मऊ फोम आणि फायबरग्लास त्यातला बराचसा धक्का आतच जिरवतात. टिअरड्रॉप म्हणजे थेंबाच्या आकाराची रॅकेट मधली असते; पुढे हात बसला की तिचा विचार करा.

दुकानात 3के, 12के, 18के ऐकवतील. कार्बनच्या एका धाग्यात किती हजार तंतू आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. आकडा मोठा म्हणजे रॅकेट जास्त चांगली, असं काही नाही.

वजनाबद्दल मात्र काटेकोर राहा. कंपनी वजन ‘360 ते 375’ असं पट्ट्यात छापते, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्ये दहा-पंधरा ग्रॅमचा फरक सहज निघतो. दुकानात काटा असेल तर सरळ वजन करून घ्या, लाजू नका. वर ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) आणि फ्रेमवरची संरक्षक पट्टी लावली की आणखी काही ग्रॅम वाढतात, म्हणून हलकीच उचला. ओव्हरग्रिप लागेलच, कंपनीची मूठ बारीक असते आणि आपल्याकडच्या घामात ती निसटते. फ्रेमची पट्टीही लावा, सुरुवातीला रॅकेट काचेवर घासणारच. दांड्याचा दोर मनगटात अडकवणं नियमानेच सक्तीचं आहे.

नागपूरकरांनी आणखी एक पाळायचं. रॅकेट गाडीत ठेवायची नाही. एप्रिल-मे सोडाच, मार्चच्या दुपारीही बंद गाडी भट्टीसारखी तापते. उष्णतेने फोम आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन नरम पडतं, आणि मग रॅकेटमधला जीवच जातो. नवतप्यात तर ऑफिसमध्ये सोबत न्या, लोक हसले तर हसू द्या. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी उलटं होतं: फोम कडक होतो आणि बॉलही कमी उसळतो. तेव्हा रॅकेट बिघडली असं समजू नका.

शक्य असेल तर आधी थोडे दिवस कोर्टवरच भाड्याने घेऊन खेळा. त्या रॅकेट वापरून थकलेल्या असतात, त्यामुळे फटक्याचा अंदाज येणार नाही. पण किती वजन हाताला झेपतं ते कळतं. कोणाची वापरलेली घेणार असाल तर फ्रेमच्या कडेला आणि भोकांभोवती बारीक तडे आहेत का पाहा, आणि बोटांनी ठोकून पाहा. एका ठिकाणी आवाज बद्द आला तर परत द्या.

आणि पूर्ण दहा हजार रॅकेटवर उडवू नका. तुमचे बॅडमिंटनचे बूट इथे चालणार नाहीत. त्यांचा गम सोल, म्हणजे मऊ रबरी तळ, लाकडी किंवा सिंथेटिक कोर्टवर छान पकडतो, पण पॅडलच्या कृत्रिम गवतावर वाळू असते, तिच्यावर तो सरकतो. काचेकडे धावताना पाय घसरला तर रॅकेट कोणती होती याने काही फरक पडत नाही. तळाला नागमोडी खाचा असलेले, क्ले कोर्टवर चालणारे टेनिसचे बूट घ्या. उरतील त्या पैशांत रॅकेट बसवा.