अमेरिकेत जन्मलेल्या चिनी आईवडिलांच्या बाळाला चीनला नेताना व्हिसा काढावा की प्रवासपत्र?

आपण विचारले आहे की, आपल्या चिनी सहकारी दांपत्याच्या बाळाकडे अमेरिकी पासपोर्ट असताना त्याला चीनचा व्हिसा का नाकारला गेला. आईवडील एच-१बी या तात्पुरत्या नोकरी-व्हिसावर आहेत, म्हणजे चीनच्या लेखी ते बाळ परदेशी नाहीच, आणि स्वतःच्या नागरिकाला कोणताही देश व्हिसा देत नाही. त्याला चिनी वकिलातीकडून प्रवासपत्र, म्हणजे ‘ल्यूशिंगजंग’, घ्यावे लागते.

माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर चेंगदूचे, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात भांडणासकट येऊन गेला आहे. आमचा मुलगा २०१८ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत जन्मला, तेव्हा नवरा एच-१बीवर होता आणि मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. ५ फेब्रुवारी २०१९ ला चिनी नववर्ष होते आणि सासूबाईंनी नातवाला अजून फोनच्या पडद्यावरच पाहिले होते. नवरा म्हणाला, बहुतेक प्रवासपत्र लागेल. माझा दादा, ज्याने आपल्या मुलीचे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते कार्ड, स्वतः काढले होते, तो मात्र ठामपणे म्हणाला, “पासपोर्ट अमेरिकेचा म्हणजे मूल अमेरिकेचे. दहा वर्षांचा व्हिसा घ्या आणि मोकळे व्हा.” एकाच्या ‘बहुतेक’पुढे दुसऱ्याचा ठामपणा मला जास्त भरवशाचा वाटला, ही माझी चूक. एजंटानेही निमूटपणे अर्ज भरून घेतला. दोन आठवड्यांनी तो अर्ज नाकारला जाऊन परत आला, तिकिटे बदलावी लागली, सण हुकला आणि आम्ही पोहोचलो तेव्हा मार्च संपत आला होता.

दादाचे गणित भारतीय कायद्यावर बेतलेले होते. डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर पालकांना वर्षभरात वकिलातीत नोंदणी करावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. नोंदणी केली नाही तर मूल आपसूक परदेशी ठरते. चीनच्या १९८० च्या राष्ट्रीयत्व कायद्यात असा अर्ज लागतच नाही. त्याच्या पाचव्या कलमानुसार आई किंवा वडील यांपैकी एकजण चिनी नागरिक असला तरी मूल जन्मतः चिनी असते. अपवाद इतकाच, की पालक परदेशात स्थायिक झालेले असतील आणि मुलाला जन्मतःच परदेशी नागरिकत्व मिळाले असेल, तर ते चिनी नसते. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसा म्हणजे स्थायिक होणे नव्हे. तिसरे कलम दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे बाळाचा अमेरिकी पासपोर्ट त्यांच्या दृष्टीने असून नसल्यासारखा.

प्रवासपत्राचे काम मात्र व्हिसापेक्षा सोपे झाले. खरा त्रास फोटोचा: पांढऱ्या चादरीवर निजवलेले सहा महिन्यांचे मूल, डोळे उघडे, तोंड मिटलेले, आणि आमचा हात कुठेही दिसायला नको. त्यात जन्मदाखल्यावर मराठी नाव आणि प्रवासपत्रावर सासऱ्यांनी निवडलेले चिनी नाव. विमानतळावरच्या बाईंनी दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवून तीनदा मुलाकडे पाहिले, तेव्हा जन्मदाखल्याची प्रतच कामी आली. तो दाखला हातातल्या पिशवीत ठेवावा, सामानात नव्हे. अमेरिकेत परत येण्यासाठी अमेरिकी पासपोर्टही बरोबर लागतोच.

प्रवासपत्र दोन वर्षे चालते. मुक्काम लांबून ते चीनमध्येच संपले, तर तिथल्या पोलिसांच्या आगमन-निर्गमन विभागाकडून परतीचा परवाना घ्यावा लागतो. आजीआजोबा नातवाचे नाव ‘हुकौ’त, म्हणजे तिथल्या कुटुंबनोंदणीत, घालू म्हणतील, घाईने होकार देऊ नये. आणि चिनी कागदावर प्रवेश केलेल्या मुलासाठी तिथे अमेरिकी वकिलातीला फारसे काही करता येत नाही, हेही पालकांनी आधी समजून घ्यावे.

हे सारे अमेरिकेसारख्या, जन्मतः नागरिकत्व देणाऱ्या देशांपुरते आहे. जन्मतः नागरिकत्व न देणाऱ्या देशात बाळ झाले असेल, तर थेट चिनी पासपोर्टच मिळतो. पालकांकडे ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, असेल तर ते स्थायिक ठरतात आणि पारडे उलटते, पण ते कार्ड बाळाच्या जन्मावेळी हातात असायला हवे. आम्हाला ते नंतर मिळाले, तेव्हा “आता तरी व्हिसा मिळेल” असे दादाने पुन्हा ऐकवले. मी त्याला पाचवे कलम जसेच्या तसे पाठवले. त्याने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. तो होकाराचा होता की दाखवलेला, हे मी अजून विचारलेले नाही.