जुनी एमजीबी घेण्याआधी एमओटीची नोंद कशी वाचावी

तुमचा प्रश्न असा: ब्रिटनमध्ये १९७८ ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार पसंत पडली आहे. विक्रेता म्हणतो, आता हिला एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तिथली वार्षिक चाचणी, लागत नाही, आणि जुनी नोंद पाहाल तर सगळे पासच आहेत. एवढ्यावर विश्वास ठेवून पैसे द्यावेत का? देऊ नका, अजून तरी नको. विक्रेत्याचं म्हणणं शब्दशः खरं असेल आणि तरीही गाडी खालून कुजलेली असेल, असं सहज घडतं.

गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर तिची एमओटीची नोंद फुकट दिसते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या २००५ पासूनच्या चाचण्या तिथे आहेत. त्याआधीचं सगळं कागदावर होतं, म्हणून जुन्या प्रमाणपत्रांची फाईल आहे का ते विचारा. एमओटी सुरू झाली १९६० मध्ये, त्यामुळे १९७८ ची गाडी ऐंशीच्या दशकापासून दरवर्षी तपासली गेलेली असणार. ज्याने ते कागद जपून ठेवले, त्याने गाडीही बहुधा जपली असते.

आता नोंद उघडा आणि पास-नापास हा रकाना थोडा वेळ विसरून जा. वाचायच्या आहेत त्या अ‍ॅडव्हायझरी, म्हणजे गाडी पास करताना तपासनीसाने लिहून ठेवलेले शेरे. सगळ्यात जुन्या चाचणीपासून सुरुवात करा आणि एकेक शेरा पुढच्या वर्षी कुठे गेला ते बघा. ब्रेकचा पाइप गंजलाय असा शेरा आला, पुढच्या वर्षी तो दिसत नाही आणि मधल्या काळातलं पाइप बदलल्याचं बिल आहे, तर उत्तम. शेरा नाहीसा झाला पण बिलच नाही, तर विक्रेत्याला थेट विचारायचं: हे काम कोणी केलं, कधी केलं?

गंजाच्या शेऱ्यांना तर सोडूच नका. एमजीबीला वेगळी चासी नाही. सगळी ताकद बॉडीच्या पत्र्यात आहे, आणि त्यातही दाराखालच्या सिलमध्ये, म्हणजे तिथल्या लांब पोकळ पट्टीत. हे सिल एकेरी नसतं. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि खालची कॅसल रेल असे थर एकमेकांना जोडलेले असतात. नीट काम करायचं तर बाहेरचा पत्रा कापून आतलं बदलावं लागतं. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात, म्हणून पुष्कळ गाड्यांवर कुजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवलेला असतो. नोंदीत याची खूण साधारण अशी दिसते: एका वर्षी ‘सिलला गंज’, पुढच्या वर्षी गंजाचा उल्लेखच नाही, पण ‘खालच्या भागावर अंडरसीलचा जाड थर’ असा शेरा (अंडरसील हा गंज रोखायला गाडीच्या पोटाला फासायचा लेप). म्हणजे गंज गेला नाही, झाकला गेला. एमओटीत तपासनीस काही उघडून बघत नाही. कार्पेट उचलत नाही, कव्हर काढत नाही. दिसतं तेवढं बघतो आणि संशय आला तिथे ठराविक हत्याराने ठोकून पाहतो. त्याला दिसलं नाही म्हणून त्याने लिहिलं नाही, यात त्याची चूक नाही. पण तुम्ही मात्र ते दोन शेरे शेजारी ठेवून वाचायचे.

नापासाला घाबरू नका. सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे बसतात त्या जागेपासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा फार गंजला असेल तर गाडी नापास होते. मग वेल्डिंग होतं आणि गाडी पुन्हा पास होते. अशी नोंद आणि सोबत कामाचे फोटो मिळाले, तर माझ्या मते ती गाडी सदैव पास होत आलेल्या गाडीपेक्षा जास्त भरवशाची. पस्तीस वर्षांच्या गाडीला ओळीने कित्येक वर्षं एकही शेरा नाही, हे वाचून मला तरी शंका येते. व्ही५सी या नोंदणीच्या कागदावरचा ११ आकडी क्रमांक टाकला की प्रत्येक चाचणी कुठे झाली तेही दिसतं. एकाच गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं निर्मळ पास आणि जागा बदलताच शेऱ्यांची रांग, असं असेल तर दुसऱ्या गॅरेजवर विश्वास ठेवा. हा क्रमांक फोनवर मागू नका. कागदाचा गैरवापर होतो म्हणून शहाणा विक्रेता तो देणार नाही. गाडी बघायला जाल तेव्हा त्याच्यासमोर बसून तपासा.

मायलेज वाचताना जरा सबुरी ठेवा. या गाड्यांचं मीटर पाच आकडी असतं, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं. त्यामुळे आकडा एकदम खाली आला की लगेच फसवणूक समजू नका, आधीची वर्षं पाहून हिशोब जुळतो का ते बघा. मला जास्त काळजी वाटते ती दोन चाचण्यांमध्ये जेमतेम गॅरेजपर्यंत जाऊन येण्याएवढीच चाललेल्या गाडीची. उभ्या गाडीचे ब्रेकचे सिलिंडर अडकतात, रबर तडकतं, पेट्रोलच्या टाकीत गंज धरतो. टायरवर नक्षी भरपूर दिसते, पण टायर स्वतः म्हातारा झालेला असतो. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे.

मध्ये खंड असेल तर कारण विचारा. गाडी रस्त्यावर नाही असं रीतसर कळवलेलं, म्हणजे सॉर्न, असेल तर ती कुठे उभी होती हे महत्त्वाचं. बंद गॅरेजमध्ये आणि अंगणात ताडपत्रीखाली, यात फार फरक पडतो. २०२० मधला खंड मात्र सोडून द्या. त्या वर्षी महामारीमुळे ३० मार्चपासून मुदत संपणाऱ्या गाड्यांना सहा महिन्यांची सूट मिळाली होती.

आता ‘एमओटी लागत नाही’ या वाक्याकडे येऊ. २० मे २०१८ पासून ४० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना ही सूट आहे. मात्र गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठे बदल झालेले नसावेत आणि तसं मालकाने स्वतः जाहीर करायचं असतं. याचा अर्थ तुमच्या गाडीची शेवटची चाचणी बरीच जुनी असू शकते. त्यानंतर सिलचं काय झालं हे ती नोंद सांगणार नाही. सूट चाचणीपुरतीच आहे. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी तशीच राहते, आणि धोकादायक अवस्थेत चालवली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून विक्रेत्याला सरळ सांगा: मी निवडलेल्या गॅरेजमध्ये नवीन एमओटी करून घेऊ, फी मी देतो. गाडीसाठी ती जास्तीत जास्त ५४.८५ पौंड आहे. सूट असली तरी स्वेच्छेने चाचणी करता येते. गाडी चांगली असेल तर तो का नाही म्हणेल? चाचणी चालू असताना ठरवून दिलेल्या जागेत उभं राहून बघायची मुभा असते, तिचा फायदा घ्या आणि नंतर तपासनीसाशी दोन शब्द बोला. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची स्थिती मात्र एमओटीत तपासली जात नाही. त्यासाठी एमजीबीची सवय असलेला मेकॅनिक सोबत न्या, आणि त्याला कार्पेट उचलून सिल आतून बघायला सांगा.

नोंद काढलीत की गंज, वेल्डिंग आणि अंडरसीलचे शेरे वर्षांसकट इथे उतरवा, गाडीचा नंबर आणि व्ही५सीचा क्रमांक गाळून. वाचून सांगतो.